मधल्या फळीतलं ग्राफिक्स कार्ड: कात्री कुठे लागली ते ओळखा

एनव्हिडियाचं आरटीएक्स ३०६० हे ग्राफिक्स कार्ड आलं २०२१ साली, आरटीएक्स ४०६० आलं २०२३ साली. दोघांचे आकडे शेजारी ठेवले की नवखा माणूस चक्रावतो. जुन्यात १२ जीबी मेमरी, नव्यात ८. जुन्याची मेमरी बस, म्हणजे चिप आणि मेमरी यांच्यातला रस्ता, १९२ बिटची, नव्याची १२८. जुनं कार्ड सेकंदाला ३६० जीबी डेटा मेमरीतून ओढू शकतं, नवं २७२. तरीही बहुतेक गेममध्ये नवंच पुढे असतं, आणि वीज लागते १७० वॉटऐवजी ११५. याचं कारण असं की नवी चिप बऱ्याच जास्त वेगाने धावते, आणि तिच्या पोटातली कॅश, म्हणजे हाताशी असलेली छोटी वेगवान मेमरी, ३ एमबीवरून २४ एमबी झाली आहे, त्यामुळे तिला मेमरीकडे सारखं धावावं लागत नाही. पण एखाद्या गेमला ८ जीबी पुरले नाहीत की पारडं फिरतं. जुनं कार्ड निवांत चालत राहतं आणि नवं ठेचकाळायला लागतं.

मधल्या फळीतल्या प्रत्येक कार्डाचं हेच आहे. किंमत आवाक्यात ठेवायची तर कंपनीला कुठेतरी कात्री लावावीच लागते. कधी मेमरीला, कधी बसला, कधी मदरबोर्डकडे जाणाऱ्या लेनना, कधी कूलरला. कार्ड पारखायचं म्हणजे ती कात्री नेमकी कुठे लागली ते शोधायचं, आणि ती जागा तुमच्या वापरात आडवी येते का ते बघायचं. हे कसं करायचं ते पायरीपायरीने सांगतो.

पायरी १: स्क्रीन आणि गेमची यादी

कार्डाच्या आधी मॉनिटर बघा. १०८०पी स्क्रीनवर सुमारे २०.७ लाख पिक्सेल असतात, १४४०पीवर ३६.९ लाख, ४केवर ८२.९ लाख. म्हणजे १०८०पीवरून १४४०पीवर गेलात की प्रत्येक फ्रेममध्ये पावणेदोन पटीहून जास्त पिक्सेल रंगवावे लागतात. त्यामुळे १०८०पीच्या चाचणीत झकास दिसणारं कार्ड १४४०पीवर तसंच दिसेल असं धरून चालू नका.

दुसरी गोष्ट रिफ्रेश रेट. ६० हर्ट्झची स्क्रीन दर १६.७ मिलिसेकंदांनी एक फ्रेम दाखवते, १४४ हर्ट्झची दर ६.९ मिलिसेकंदांनी. स्क्रीन ६० हर्ट्झची असताना १२० एफपीएस (सेकंदाला १२० फ्रेम) देणारं कार्ड घेतलंत तर निम्म्या फ्रेम डोळ्यांपर्यंत पोचणारच नाहीत. अशा वेळी मॉनिटर आधी बदलायचा का, हाही प्रश्न स्वतःला विचारा. फ्रीसिंक किंवा जी-सिंक (कार्डाच्या वेगाशी स्क्रीन जुळवून घेणारी सोय) असलेला मॉनिटर असेल तर एफपीएस थोडे खालीवर झाले तरी चित्र फाटत नाही, आणि मधल्या फळीतल्या कार्डाला ही फार मोठी मदत होते.

मग कागदावर पाच गेम लिहा. आत्ता खेळता ते तीन आणि येत्या वर्षात खेळायचेत ते दोन. स्पर्धात्मक शूटर असतील तर कमी सेटिंगवर जास्त एफपीएस लागतात, आणि तिथे प्रोसेसरचा हात मोठा असतो. ओपन वर्ल्ड असतील तर मेमरी आणि कार्डाची खरी ताकद लागते. यादीतल्या गेमला रे ट्रेसिंग (प्रकाशाच्या किरणांचा हिशोब करून चित्र काढणं) सक्तीचं आहे का, तेही बघून घ्या. २०२४ चा ‘इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल’ रे ट्रेसिंगचं हार्डवेअर नसलेल्या कार्डावर चालत नाही. स्वस्तात मिळतंय म्हणून जुनं जीटीएक्स कार्ड घ्यायचा विचार असेल तर एवढ्यावरूनच तो सोडून द्यावा.

पायरी २: दोष खरंच कार्डाचा आहे का?

ही पायरी बहुतेक जण गाळतात, आणि मला तीच सगळ्यात महत्त्वाची वाटते. गेम अडतोय म्हणजे कार्ड कमी पडतंय असं आपण गृहीत धरतो. ते तपासायला अर्धा तास पुरतो.

एमएसआय आफ्टरबर्नर आणि त्यासोबत येणारं रिव्हाट्यूनर ही सॉफ्टवेअर टाका. गेम सुरू असताना पडद्याच्या कोपऱ्यात कार्डाचा वापर, एफपीएस आणि व्हीरॅम (कार्डाची स्वतःची मेमरी) दिसेल असं लावून घ्या. जिथे गेम हमखास मंदावतो अशी जागा शोधा, म्हणजे गर्दीचा बाजार किंवा शहराचा चौक. तिथे सेव्ह करा आणि आकडे लिहून ठेवा. आता अपस्केलिंग (कमी रिझोल्यूशनचं चित्र मोठं करणं, पायरी ५ बघा) बंद करून रिझोल्यूशन १२८० बाय ७२० करा, बाकी काही बदलू नका, आणि त्याच जागी पुन्हा उभे राहा. समजा आधी ७१ एफपीएस होते आणि आता ७४ झाले. याचा अर्थ कार्डाचं ओझं एवढं उतरूनही काही फरक पडला नाही. अडवतोय तो प्रोसेसर किंवा रॅम, आणि नवं कार्ड बसवलंत तरी त्या चौकात ७४ च दिसणार. ७१ चे ११५ झाले तर मात्र कार्डच दमतंय, पुढे वाचा.

ओळखीतल्या एका मुलाचं असंच झालं होतं. कार्ड बदलायचंच असं ठरवून तो बसला होता. मशीन उघडलं तर रॅमची एकच स्टिक. तसलीच दुसरी स्टिक लावली, बायोसमध्ये एक्सएमपी (रॅम तिच्या पूर्ण वेगाने चालवणारी सेटिंग) चालू केलं, आणि ज्या गेमसाठी तो कार्ड घेणार होता त्यातलं अडखळणं बरंचसं गेलं. कार्ड त्याने वर्षभर पुढे ढकललं.

इंटेलचं आर्क बी५८० डोक्यात असेल तर इथे जरा जास्त थांबा. १२ जीबी मेमरी आणि १९२ बिटची बस म्हणजे कागदावर ते तगडंच आहे. पण त्याला रिसायझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय) चालू असलेलं मदरबोर्ड हवंच. शिवाय २०२४ च्या डिसेंबरात ते आल्यावर झालेल्या चाचण्यांत असंही दिसलं की जुन्या किंवा साध्या प्रोसेसरसोबत ते अनेक गेममध्ये अपेक्षेपेक्षा मागे पडतं. नव्या प्रोसेसरच्या मालकाला ते चांगलं ठरेल, जुन्या मशीनमध्ये जीव ओतायला बघणाऱ्याला तेवढं नाही.

पायरी ३: नाव बाजूला ठेवा, तपशील वाचा

खोक्यावरचं नाव फसवं असू शकतं. जीटीएक्स १०६० हे ३ जीबी आणि ६ जीबी अशा दोन रूपांत यायचं, आणि फरक फक्त मेमरीचा नव्हता. ३ जीबीवाल्यात कोरही (चिपमधले हिशोब करणारे भाग) कमी होते, १२८० ऐवजी ११५२. आरटीएक्स ३०६० चंही पुढे ८ जीबीचं रूप आलं, आणि त्यात बस १९२ ची १२८ बिट झाली. एनव्हिडियाचं आरटीएक्स ५०६० टीआय आणि एएमडीचं आरएक्स ९०६० एक्सटी ही २०२५ मधली दोन्ही कार्डं ८ आणि १६ जीबी अशा दोन रूपांत, एकाच नावाने आली. म्हणून चाचणी वाचताना ती कुठल्या रूपाची आहे हे आधी बघा. १६ जीबीवाल्याचा निकाल वाचून ८ जीबीवालं घेतलं, असं व्हायला नको.

बँडविड्थ, म्हणजे सेकंदाला मेमरीतून किती जीबी ओढता येतात ते, स्वतः काढता येते. बसची रुंदी गुणिले मेमरीचा वेग (सेकंदाला गिगाबिटमध्ये), भागिले ८. ४०६० साठी १२८ गुणिले १७ भागिले ८, म्हणजे २७२. ५०६० टीआयची बस तेवढीच १२८ बिटची, पण जीडीडीआर७ मेमरी २८ च्या वेगाने चालते, म्हणून ४४८. नुसती बस बघून कार्ड हिणवणाऱ्यांना हा हिशोब दाखवावा. मात्र वेगवेगळ्या कंपन्यांच्या चिपचे कोर एकमेकांशी ताडण्यात वेळ घालवू नका, त्यातून काहीच कळत नाही.

आता व्हीरॅम. ती भरली की काय होतं? न मावलेला डेटा मशीनच्या साध्या रॅममध्ये जातो आणि पीसीआयईच्या, म्हणजे कार्ड आणि मदरबोर्ड जोडणाऱ्या, वाटेने येजा करायला लागतो. ४०६० आणि आरएक्स ७६०० सारख्या कार्डांना या वाटेच्या सोळापैकी आठच लेन दिलेल्या आहेत. पीसीआयई ४.० वर त्यातून एका दिशेने सेकंदाला साधारण १६ जीबी जातात आणि ३.० च्या मदरबोर्डवर ८ च्या आसपास. कुठे २७२ आणि कुठे ८! म्हणून बी४५० सारखं जुनं मदरबोर्ड असेल तर ८ जीबी आणि आठ लेन ही जोडी जास्त बोचते. २०२२ च्या आरएक्स ६५०० एक्सटीला तर ४ जीबी आणि चारच लेन होत्या, आणि पीसीआयई ३.० वर त्याचा वेग लक्षात येण्याइतका घसरायचा.

हे डोळ्यांना कसं दिसतं ते सांगतो, कारण दर वेळी एफपीएस पडतातच असं नाही. ८ जीबीच्या एका कार्डावर मी एक ओपन वर्ल्ड गेम अल्ट्रा टेक्स्चरवर (टेक्स्चर म्हणजे वस्तूंच्या पृष्ठभागावरचं चित्र) खेळत होतो. कोपऱ्यातला आकडा सत्तरच्या पुढे, एकदम स्थिर. पण गावात शिरलो की घरांच्या भिंती ओल्या मातीसारख्या सपाट दिसायच्या. एका भिंतीसमोर जाऊन उभा राहिलो. सात-आठ सेकंदांनी विटांच्या रेघा उमटल्या. मागे वळून पुन्हा बघितलं तर भिंत परत सपाट. गेम स्वतःच मेमरी वाचवत होता, आणि आकड्यात त्याची काही नोंद नव्हती. टेक्स्चर अल्ट्रावरून हायवर आणलं आणि भिंती लगेच जाग्यावर आल्या. हाय आणि अल्ट्रामधला फरक मला शोधूनही सापडेना.

यातून दोन गोष्टी निघतात. आत्ता तुमच्याकडे ८ जीबीचं कार्ड असेल तर ते टाकाऊ झालेलं नाही, टेक्स्चर एक घर खाली आणा आणि खेळा. पण नवं घेताय आणि चार वर्षं वापरायचंय, तर त्याच चिपचं जास्त मेमरीवालं रूप घ्या. मेमरी पुरेशी असली की वरच्या दर्जाचं टेक्स्चर लावायला एफपीएस जवळपास खर्चच होत नाहीत. चित्र सुधारायचा याहून स्वस्त मार्ग नाही. एक सावधगिरी मात्र बाळगा. पडद्याच्या कोपऱ्यात ‘७.५ जीबी वापरात’ दिसलं म्हणजे तेवढी लागतेच असं नसतं, बरेच गेम मोकळी मेमरी दिसली की आधीच अडवून ठेवतात.

पायरी ४: चाचण्या वाचायला शिका

सरासरी एफपीएसवर एकट्यावर विसंबू नका. एक सेकंद डोळ्यांसमोर आणा. त्यात ६० फ्रेम आल्या. त्यातल्या ५९ प्रत्येकी १४ मिलिसेकंदांत आल्या, म्हणजे ८२६ मिलिसेकंद झाले. उरलेली एक फ्रेम यायला १७४ मिलिसेकंद लागले. काउंटर दाखवणार ६०. पण त्या एका फ्रेमपाशी पडदा गोठला, नेम चुकला, आणि हाताला तो झटका स्पष्ट कळला. २०११ साली स्कॉट वॉसन यांनी ‘द टेक रिपोर्ट’वर सेकंदाच्या आत शिरून एकेका फ्रेमचा वेळ मोजायची पद्धत मांडली, आणि त्यानंतर चाचण्यांची भाषाच बदलली. आज जवळपास प्रत्येक आलेखात सरासरीखाली ‘१ टक्का लो’ दिसतो. सगळ्यात हळू आलेल्या एक टक्का फ्रेमचा तो आकडा.

आलेख वाचताना आधी हा खालचा आकडा बघा. एका कार्डाची सरासरी ९० आणि १ टक्का लो ४१, दुसऱ्याची सरासरी ८२ आणि लो ६६ असेल, तर मी डोळे झाकून दुसरं घेईन. सरासरी चांगली आणि लो अचानक कोसळलेला दिसला की बहुतेकदा मेमरी भरल्याची खूण असते. तोच गेम, तेच कार्ड, १०८०पीवर लो ठीक आणि १४४०पीवर ढासळलेला, असं दिसलं तर कात्री कुठे लागली ते तुम्हाला सापडलं. १ टक्का लो काढायची रीत मात्र प्रत्येकाची थोडी वेगळी असते. एका ठिकाणचा लो दुसऱ्या ठिकाणच्या लोशी ताडू नका, एकाच आलेखातली कार्डं आपसात ताडा.

चाचणीचं मशीनही बघा. कार्डाची खरी ताकद दिसावी म्हणून परीक्षक सगळ्यात वेगवान प्रोसेसर लावतात, आणि ते बरोबरच आहे. तुमच्या मशीनवर तोच आकडा येईल असं मात्र नाही. म्हणून तर दुसरी पायरी. आलेखाचे खांब शून्यापासून सुरू होतात का तेही तपासा. ५० पासून सुरू केले तर ६० आणि ६६ मधला फरक डोंगराएवढा दिसतो.

थ्रीडीमार्क या चाचणीच्या सॉफ्टवेअरचा स्कोअर आपलं कार्ड नीट चालतंय का हे बघायला उपयोगी आहे, कार्ड निवडायला नाही.

पायरी ५: अपस्केलिंग आणि जोडलेल्या फ्रेम

एनव्हिडियाचं डीएलएसएस, एएमडीचं एफएसआर, इंटेलचं एक्सईएसएस ही अपस्केलिंगची तंत्रं. गेम कमी रिझोल्यूशनवर रंगवायचा आणि मग मोठा करायचा. क्वालिटी मोडमध्ये १४४०पीचं चित्र आत ९६०पीवर तयार होतं, १०८०पीचं ७२०पीवर. १४४०पीवर हे मला मनापासून आवडतं, मधल्या फळीतल्या कार्डाला त्याने चांगलं बळ मिळतं. १०८०पीवर हात राखून वापरावं, कारण मुळात पिक्सेलच कमी असतात आणि बारीक तारा, जाळ्या, केस थरथरताना दिसू शकतात. २०२५ मध्ये आरएक्स ९००० मालिकेबरोबर आलेलं एफएसआर ४ आधीच्या एफएसआरपेक्षा खूपच सुधारलेलं आहे. एएमडीचं कार्ड बघताना कुठल्या पिढीचं आहे याला त्यामुळे वजन आलंय.

फ्रेम जनरेशनचं प्रकरण वेगळं. इथे दोन खऱ्या फ्रेममध्ये कार्ड एक किंवा जास्त फ्रेम स्वतः बनवून घालतं. हालचाल मऊ दिसते, पण माउस हलवल्यापासून पडद्यावर परिणाम दिसेपर्यंतचा वेळ कमी होत नाही, उलट थोडा वाढतो. खऱ्या फ्रेम ६० च्या आसपास असतील तर हे छान वाटतं. खऱ्या २५ असतील तर आकडा ५० दाखवेल आणि हाताला मात्र चिखलात चालल्यासारखं होईल. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

२०२५ च्या जानेवारीत एनव्हिडियाने मंचावरून सांगितलं होतं की आरटीएक्स ५०७० हे मागच्या पिढीतल्या सगळ्यात वरच्या ४०९० ची कामगिरी देतं. ती तुलना एकामागे अनेक फ्रेम बनवून घालणाऱ्या नव्या डीएलएसएसच्या जिवावर होती. जोडलेल्या फ्रेम काढून ताडलं तर ५०७० बरंच मागे राहतं. म्हणून जाहिरातीतला आलेख दिसला की खालची बारीक अक्षरं वाचा आणि ‘नेटिव्ह’ (अपस्केलिंग आणि जोडलेल्या फ्रेम यांच्याशिवायचे) आकडे शोधा. त्यांवरून कार्ड निवडा.

पायरी ६: जागा, वीज, आवाज

हे पटकन उरकतं, पण चुकलं तर कार्ड खोक्यातच राहतं. कॅबिनेटमध्ये पट्टी धरून लांबी मोजा, पुढचे पंखे धरून. जाडीही बघा, काही कार्डं अडीच-तीन स्लॉट खातात. विजेचा हिशोब असा: स्लॉटमधून ७५ वॉट, ६ पिनच्या जोडणीतून ७५, ८ पिनच्या जोडणीतून १५०. आर्क बी५८० ला १९० वॉट लागतात, आरएक्स ९०६० एक्सटी १६ जीबीला १६०. एका चांगल्या ५५० वॉटच्या पॉवर सप्लायवर यातलं कुठलंही सहज चालतं. मात्र मशीनसोबत आलेला निनावी पॉवर सप्लाय असेल तर त्यावर लिहिलेल्या वॉटवर भरवसा ठेवू नका.

एकाच चिपची दोन आणि तीन पंख्यांची कार्डं वेगात जवळपास सारखीच असतात. ११५ ते १६० वॉटच्या कार्डाला दोन बरे पंखे पुरतात. वरच्या मॉडेलसाठी जादा मोजायचे ते आवाजासाठी मोजा. तेच पैसे घालून वरची चिप किंवा जास्त मेमरी येत असेल तर ती घ्या.

पायरी ७: घरी आणल्यावर

परत करायची मुदत संपण्याआधी हे सगळं उरका. जुनं कार्ड दुसऱ्या कंपनीचं होतं तर डीडीयू नावाच्या सॉफ्टवेअरने जुने ड्रायव्हर पुसून नवे टाका. मॉनिटरची केबल कार्डाला लावा. मदरबोर्डला लावली की नवं कार्ड नुसतं बसून राहतं, आणि ही चूक वाटते त्याहून बरेच जण करतात. विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन रिफ्रेश रेट बघा, १४४ हर्ट्झचा मॉनिटर कित्येकदा ६० वरच अडकलेला असतो.

मग जीपीयू-झेड हे कार्डाचा तपशील दाखवणारं सॉफ्टवेअर उघडा. मेमरी किती, बस किती बिटची, लेन किती, रिसायझेबल बार चालू आहे का, हे खोक्याशी आणि कंपनीच्या तपशिलाशी जुळवा. लेन बघताना तिथलीच रेंडर टेस्ट चालवा, कारण आराम करणारं कार्ड वीज वाचवायला पीसीआयईचा वेग खाली आणतं आणि आकडा उगाच कमी दिसतो. वापरलेलं कार्ड घेत असाल तर हे विकणाऱ्यासमोरच करा. जुन्या चिपचं बायोस बदलून नव्या नावाने विकलेली कार्डं बाजारात सापडली आहेत, आणि जीपीयू-झेड अशी बरीच कार्डं ओळखून ‘फेक’ असं दाखवतं. ओसीसीटी या सॉफ्टवेअरने कार्डाला पंधरा-वीस मिनिटं ताण द्या. पडद्यावर रंगीत ठिपके, चौकोन किंवा रेघा दिसल्या तर किंमत कितीही पाडली तरी घेऊ नका. पंखे खरखरत असतील तर तेवढं चालेल, पंखे बदलता येतात.

शेवटी दुसऱ्या पायरीत जिथे सेव्ह केलं होतं त्याच चौकात जा. अर्धा तास खेळून कार्ड तापू द्या, मग कॅपफ्रेमएक्स या फ्रेमचा वेळ मोजणाऱ्या सॉफ्टवेअरने एक-दोन मिनिटांची नोंद घ्या. सरासरी, १ टक्का लो, चिपचं तापमान, सगळ्यात गरम जागेचं तापमान आणि पंख्याचा वेग एका फाइलमध्ये तारखेसह लिहा. नवा ड्रायव्हर टाकल्यावर किंवा उन्हाळा लागल्यावर काही बिघडल्यासारखं वाटलं की त्याच चौकात उभं राहून पुन्हा मोजा. एफपीएस तेच आणि तापमान बारा-पंधरा अंशांनी चढलेलं दिसलं, तर आधी कॅबिनेटची जाळी काढून धूळ झटका.